एक कप्पा, दोन कायदे

घरात वापरून संपलेला सेल आणि बंद पडलेला मोबाईल या दोन वस्तू कायद्याच्या दृष्टीने परस्परांपासून बऱ्याच दूर आहेत. जळगाव जिल्ह्यातील पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील घरात मात्र त्या बहुधा एकाच कप्प्यात, जुन्या किल्ल्या, तुटका चार्जर आणि औषधांच्या अर्धवट पट्ट्या यांच्या शेजारी पडलेल्या असतात. सेलला ऑगस्ट 2022 मध्ये अधिसूचित झालेले बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू होतात, मोबाईलला 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेले ई-कचरा व्यवस्थापन नियम लागू होतात, त्याच मोबाईलमधील बॅटरी बाहेर काढली की ती पुन्हा पहिल्या नियमांच्या कक्षेत जाते, आणि दारावर येणारी नगरपरिषदेची घंटागाडी या दोहोंहून वेगळ्या, घनकचऱ्याच्या नियमांनुसार चालते. या तिहेरी विभागणीमुळे घडते ते असे की, ज्या वस्तूला भंगारात मोल आहे ती कोणीतरी उचलतो, परंतु ती कोठे जाते याची विचारपूस होत नाही; आणि जिला मोल नाही ती ओल्या कचऱ्याबरोबर कचरा डेपोवर जाते. त्यामुळे गावपातळीवरील खरा प्रश्न धातू वेगळे करण्याच्या तंत्रज्ञानाचा नसून या वस्तू गोळा करण्याचा, आणि त्याहूनही अधिक, त्या गोळा करण्याचा खर्च कोणी उचलायचा याचा आहे. त्याचे एक उत्तर त्या कप्प्यातच आहे: मोबाईल आणि सेल एकत्र गोळा केले, तर मोबाईलमधील धातूंच्या किमतीतून सेलच्या संकलनाचा निदान काही खर्च निघू शकतो.

पारोळा हे सुरत-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर, धुळे आणि एरंडोल यांच्या दरम्यान वसलेले गाव असल्यामुळे मुंबई किंवा सुरतेच्या बाजारात आलेली वस्तू तेथे पोहोचण्यास वेळ लागत नाही. मालाचा हा येण्याचा मार्ग जितका पक्का आहे, तितका त्याच्या परतीचा नाही. राज्यातील ई-कचऱ्याच्या जुन्या अधिकृत उद्योगांपैकी एक असलेला इकोरेको हा मुंबईजवळ वसईला आहे, म्हणजे पारोळ्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास; आणि एवढ्या अंतरावर पिशवीभर सेल पाठवणे कोणालाही परवडणारे नाही. याच परिसराचा एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. पारोळ्याच्या शेजारच्या अमळनेरात 1945 मध्ये वनस्पती तुपाचा व्यवसाय करण्यासाठी स्थापन झालेली कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या क्षेत्रात जगभर पोहोचली. त्या क्षेत्राच्या जुन्या झालेल्या यंत्रांची परतीची वाट मात्र या तालुक्यांपर्यंत अद्याप नीट आलेली नाही.

सेल ही वस्तू मुळात साधी आहे. फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने 1866 मध्ये जी रचना केली, तिचेच कोरडे आणि सुधारलेले रूप आज भिंतीवरच्या घड्याळात, टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि रात्रीच्या पाळीत वीज आली की शेतात पाणी भरायला जाणाऱ्याच्या हातातील बॅटरीत असते. जस्ताचा डबा, मधोमध कर्बाची कांडी, त्या दोहोंमध्ये मँगनीज डायऑक्साइड व कर्ब यांची काळी भुकटी, आणि विद्युतभार वाहून नेणारा क्षारांचा ओलसर लगदा एवढीच तिची सामग्री असते. सेल वापरला जातो म्हणजे डब्याचे जस्त हळूहळू झिजत जाते, आणि म्हणूनच संपलेला सेल घड्याळात विसरला तर तो पाझरून पट्ट्या गंजवतो. अल्कलाइन सेलमध्ये जस्त भुकटीच्या रूपात असते आणि क्षारांच्या जागी तीव्र अल्कली असते, एवढा मुख्य फरक. मराठी मुलुखातील कित्येक प्राथमिक शाळांत जुन्या सेलमधील काळी भुकटी कोळसा आणि पाल्याच्या रसात कालवून फळे काळे करण्याची पद्धत होती. ती आज शिफारस करण्याजोगी नाही, परंतु संपलेला सेल म्हणजे सर्वस्वी टाकाऊ वस्तू, ही समजूत तुलनेने नवी आहे एवढे त्यावरून दिसते.

सेलच्या धोक्याविषयी प्रचारपत्रकांतून जे सांगितले जाते ते सगळेच तोलून घेण्याची गरज आहे. एक सेल लाखो लिटर पाणी नासवतो, अशा स्वरूपाची विधाने प्रामुख्याने पूर्वीच्या पारायुक्त बटण सेलवरून आलेली असून ती आजच्या साध्या पेन्सिल सेलला जशीच्या तशी लागू होत नाहीत. जस्ताच्या डब्यात मिश्रधातू म्हणून शिसे आणि कॅडमियम अल्प प्रमाणात वापरले जात आले आहे हे खरे, पण अमेरिकेत कॅलिफोर्नियासारखा अपवाद वगळता बहुतेक राज्यांत घरगुती अल्कलाइन सेल नेहमीच्या कचऱ्यात टाकण्यास मुभा आहे, हेही तितकेच खरे. असे असताना सेल वेगळे गोळा करण्याचा आग्रह का धरायचा, तर त्याचे पहिले कारण असे की, घरातील माणूस जस्ताचा सेल, निकेल-कॅडमियमचा पुनर्भारित सेल आणि लिथियमचा बटण सेल यांत भेद करीत नाही, व त्याने तो करावा अशी अपेक्षाही व्यवहार्य नाही. वेगळे काढायचे तर सगळेच वेगळे काढावे लागतात. बटण सेलचा धोका तर कचऱ्यापर्यंत जाण्याआधीच असतो, कारण लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. दुसरे कारण आगीचे आहे. लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइट आणि धातूंच्या ऑक्साइडचे थर अत्यंत पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असून त्यांत ज्वलनशील सेंद्रिय द्रव असतो. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली व पडदा फाटला तर आत निर्माण होणारी उष्णता स्वतःच आणखी उष्णता निर्माण करीत जाते, पेट घेतल्यावर विझवणे अवघड होते, आणि धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो.

तिसरे कारण खानदेशाच्या दृष्टीने अधिक जवळचे असूनही त्याची चर्चा क्वचितच होते. महाराष्ट्रातील बऱ्याच जमिनींत जस्ताची कमतरता असल्याचे कृषिशास्त्रज्ञ दीर्घकाळ सांगत आले आहेत, आणि कापूस, केळी, मका घेणारे शेतकरी झिंक सल्फेटच्या पिशव्या विकत आणून शेतात टाकतात. फिनलंडमध्ये ट्रेसग्रो ही कंपनी वापरलेल्या अल्कलाइन बॅटऱ्यांतून जस्त आणि मँगनीज काढून, ते शुद्ध करून, त्यांचे सूक्ष्म अन्नद्रव्याचे खत तयार करते. यातील शुद्धीकरणाची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि म्हणून सेल फोडून त्यातील भुकटी शेतात टाकण्याचा उद्योग कोणी करू नये. पण तालुक्याच्या बाजारपेठेत जस्त एका बाजूने खताच्या रूपाने विकत घेतले जाते आणि दुसऱ्या बाजूने सेलच्या रूपाने डेपोवर फेकले जाते, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. सात-आठ हजार घरांच्या गावात प्रत्येक घरी वर्षाला डझनभर पेन्सिल सेल लागतात असे धरले, आणि एका सेलचे वजन सतरा-अठरा ग्रॅम मानले, तर वर्षाकाठी हा माल सुमारे दीड टन होतो. एका छोट्या टेम्पोत मावणारा हा ढीग आहे. गाव तो हाताळू शकणार नाही इतका मोठा नाही आणि दुर्लक्ष करावे इतका लहानही नाही.

मोबाईलची गोष्ट नेमकी उलट आहे, कारण त्यात सोने आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रचलित आकडेवारीनुसार दहा लाख हँडसेटमधून सुमारे 34 किलो सोने, 350 किलो चांदी आणि जवळपास 16 टन तांबे मिळू शकते, म्हणजे एका हँडसेटमागे सोने फक्त 0.034 ग्रॅम. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण सोन्याच्या खाणीत एक टन खडकातून काही ग्रॅमच सोने मिळते हे लक्षात घेतले तर मोबाईलचा ढीग कोणत्याही खाणीपेक्षा श्रीमंत ठरतो. वर धरलेल्या गावात प्रत्येक घरी एकच बंद मोबाईल पडून आहे असे मानले तरी एकूण सोने पाव किलोहून थोडे अधिक, म्हणजे जुन्या मापाने बावीस-तेवीस तोळे होते आणि तांबे सव्वाशे किलोच्या घरात जाते. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला, जळगावला, सुवर्णनगरी म्हणतात, तेथील वाचकाला तोळ्यांचा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

सराफ बाजाराच्या आसऱ्याने जगणाऱ्या एका जुन्या व्यवसायाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. सोनाराच्या दुकानातील केर, राख आणि पेढीसमोरची धूळ विकत घेऊन ती पाण्याने धुऊन-गाळून त्यातील सोन्याचांदीचे कण वेगळे काढणाऱ्यांना झारेकरी म्हणत, आणि ब्रिटिश काळातील गॅझेटियरांनी या व्यवसायाची नोंद केलेली आहे. शहरात साठलेल्या वस्तूंतून धातू परत मिळवण्याला आज नागरी खाणकाम असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी त्यामागचे अर्थशास्त्र झारेकऱ्याला पूर्णपणे ठाऊक होते: कण कितीही बारीक असला तरी चालेल, मात्र धूळ एका जागी जमा झाली पाहिजे. जपानने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारे पाच हजार पदकांसाठी एप्रिल 2017 ते मार्च 2019 या काळात देशभरातून जुनी उपकरणे गोळा करण्यात आली. त्यांत 62 लाखांहून अधिक मोबाईल होते, आणि सुमारे 32 किलो सोने, 3,500 किलो चांदी व 2,200 किलो कांस्य त्यातून मिळाले. त्या मोहिमेचे श्रेय धातुशास्त्राला जितके, त्याहून अधिक तिच्यात सहभागी झालेल्या सोळाशेहून जास्त नगरपालिकांना द्यावे लागते, कारण पेट्या त्यांनी ठेवल्या होत्या.

पारोळ्याकडचे मोबाईलही जमा होतच नाहीत असे नाही. ते वेगळ्या हातांनी जमा होतात. दुचाकीला भोंगा लावून गल्लोगल्ली फिरणारा आणि फुटक्या, बंद मोबाईलच्या बदल्यात भांडे किंवा थोडे पैसे देणारा फेरीवाला महाराष्ट्रातील लहान गावांना परिचित आहे, आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या व्यवहाराचीच ही पुढची पायरी म्हणता येईल. बाजारपेठेतील मोबाईल दुरुस्तीचे दुकान हे दुसरे ठिकाण. तेथे बंद हँडसेटचा डिस्प्ले, स्पीकर, चार्जिंगचा जॅक काढून दुसऱ्या हँडसेटला बसवला जातो, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने पाहिले तर कोणत्याही भट्टीपेक्षा हे काम वरच्या दर्जाचे आहे, कारण वस्तू वितळवण्यापेक्षा ती वापरात ठेवणे केव्हाही स्वस्त. अडचण त्यानंतरची आहे. उरलेली सर्किटची पाटी भंगाराच्या साखळीतून मोठ्या शहरांकडे जाते, आणि अशा पाट्यांचे शेवटचे मुक्काम म्हणून दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांची नावे अनेक पाहण्यांतून पुढे आलेली आहेत. तेथे पाट्या उघड्यावर जाळल्या जातात किंवा तेजाबात बुडवल्या जातात. सोने आणि तांबे निघते, आणि शिसे व धूर माणसांच्या अंगात आणि मुरादाबादच्या रामगंगा नदीच्या काठावर राहतो. फेरीवाल्याला दिलेल्या फोनचा दुसरा धोकाही आता दिसू लागला आहे: 2024 मध्ये तेलंगण पोलिसांनी गावोगाव फिरून खरेदी केलेले सुमारे चार हजार जुने मोबाईल जप्त केले, ते सायबर गुन्हेगारांसाठी नेले जात असल्याचा आरोप होता. छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार परक्याच्या हाती पडतील या भीतीने फोन घरातच ठेवून देणाऱ्या गृहिणीला म्हणूनच अडाणी म्हणता येत नाही.

कायद्याने या सर्वांवर योजलेला उपाय म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी. ज्याने वस्तू बाजारात आणली त्यानेच तिच्या शेवटाचा खर्च सोसावा, असे हे तत्त्व असून ते भारतात ई-कचऱ्यासाठी 2012 पासून आणि सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी 2022 पासून लागू आहे. त्यापूर्वीचे 2001 चे बॅटरी नियम फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. उत्पादकाने स्वतः माल गोळा केलाच पाहिजे असे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाने जितका माल हाताळला तितकी प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतात, आणि उत्पादक ती विकत घेऊन आपले उद्दिष्ट पूर्ण करतो. तत्त्व चोख आहे, परंतु मोजणी कोठून सुरू होते ते पाहिले पाहिजे. घरगुती वापराच्या लहान बॅटऱ्यांतून 2024-25 मध्ये 70 टक्के आणि 2026-27 पासून 90 टक्के द्रव्य परत मिळवण्याचे बंधन आहे, पण हे प्रमाण कारखान्याच्या फाटकात पोहोचलेल्या बॅटरीचे आहे. जी तेथवर पोहोचलीच नाही ती या टक्केवारीत येत नाही. युरोपीय संघाने 2023 च्या नियमावलीत संकलनाचेच वेगळे लक्ष्य ठरवले असून ते 2027 अखेर 63 टक्के आणि 2030 अखेर 73 टक्के आहे. विक्री केंद्रांवर पेट्या ठेवण्याची तीसेक वर्षांची सवय असलेल्या देशांनी एवढेच ठरवावे, यावरून संकलन किती चिवट काम आहे ते समजते. ई-कचऱ्याची प्रमाणपत्रेही सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चारच धातूंवर बेतलेली होती, त्यामुळे उद्योगाचे लक्ष त्या धातूंकडे राहणे स्वाभाविक आहे. शिवाय 2016 च्या नियमांत ज्यांना स्वतंत्र स्थान होते ती संकलन केंद्रे आणि विक्रेते 2022 च्या नियमांतून जवळजवळ अदृश्य झाले. कागदपत्रे कमी करण्याच्या हेतूने हे झाले असावे, पण तालुक्याच्या गावात जे घटक प्रत्यक्ष दिसू शकले असते नेमके तेच गेले.

नगरपरिषदेवर मात्र जबाबदारी राहिलेली आहे. घरगुती कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा आणि ज्याच्या उत्पादकाचा ठावठिकाणा लागत नाही असा, नियमांच्या भाषेत अनाथ, ई-कचरा वेगळा करून नोंदणीकृत उद्योगाकडे पाठवणे हे तिचे काम आहे. ओळख क्रमांक नसलेले स्वस्त हँडसेट 1 डिसेंबर 2009 पासून बंद करण्यात आले, तेव्हा देशभर रातोरात निकामी झालेले फोन हे अशा अनाथ वस्तूंचे ठळक उदाहरण होते. याहून महत्त्वाची तरतूद 2016 च्या घनकचरा नियमांत होती. वापरलेले सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे यांना त्यांनी घरगुती घातक कचरा म्हटले आणि शहरात दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जमा केंद्र असावे असे सांगितले. ‘किंवा त्याच्या भागाला’ या शब्दांमुळे लहानातल्या लहान नगरपरिषदेलाही निदान एक केंद्र बंधनकारक ठरत होते, आणि एवढ्याशा आधारावरही पारोळ्यात काम उभे राहू शकते.

जळगाव जिल्ह्याला वस्तू गोळा करण्याचे कौशल्य बाहेरून शिकण्याची गरज नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या शेताच्या बांधावरून भंगारवाला वजनावर घेऊन जातो आणि पुनर्चक्रित प्लास्टिकवर जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई उद्योग उभा आहे. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी रस्त्यावर फेकलेली दिसत नाही, कारण नवी घेताना जुनीची किंमत वजा होते. ज्या वस्तूचा दर गावात सर्वांना माहीत असतो ती वाया जात नाही, आणि जिला दर नाही तिच्यासाठी कितीही फलक लावले तरी ती पेटीपर्यंत येत नाही. सेलला स्वतंत्र दर मिळण्याची शक्यता नजीकच्या काळात नाही, कारण त्यातील जस्ताची किंमत वाहतुकीतच संपते. म्हणून त्याचा दर मोबाईलशी जोडावा लागेल. बंद मोबाईल घेणाऱ्या अधिकृत उद्योगाला नगरपरिषदेने माल द्यावा तो या अटीवर की, त्याच गाडीत सेलही विनामूल्य न्यावेत. आणि मोबाईल आणून देणाऱ्याला फेरीवाला देतो त्याहून थोडे अधिक मिळावे. या देवघेवीत नफा फार नाही, परंतु आज जो तोटा डेपोवर आणि रामगंगेच्या काठी पडतो तो निदान हिशेबात येतो.

यावर असा आक्षेप येईल की, लहान गावाला असली व्यवस्था झेपत नाही. वेंगुर्ला नगरपरिषदेचा अनुभव याविरुद्ध आहे. जेमतेम बारा-तेरा हजार वस्तीच्या त्या गावाने रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचे घरापासूनच अनेक प्रकारांत वर्गीकरण सुरू केले, आणि जुन्या डेपोच्या जागेला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असे नाव देण्याइतपत ती जागा पालटली. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून 2008 मध्ये आकाराला आलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने दारावर जाणाऱ्या माणसालाच व्यवस्थेचा कणा मानले, आणि तेथेच पूर्णम इकोव्हिजनच्या ‘ई-यंत्रण’ मोहिमेने ठरावीक दिवशी शहरभर केंद्रे मांडण्याची पद्धत रुळवली. पारोळ्याने पुण्याच्या या दोन मार्गांतील दुसऱ्यापेक्षा पहिला अधिक विचारात घ्यावा. वर्षातून एकदा होणारी मोहीम छायाचित्रांपुरती चांगली होते. भंगारवाला, दुरुस्ती दुकानदार आणि घंटागाडीवरचा कामगार हे तिघे रोज गावात असतात. त्यांना बेकायदा ठरवून बाजूला सारण्यापेक्षा नगरपरिषदेने ओळखपत्र, वजनकाटा आणि जाहीर दर देऊन अधिकृत साखळीचे पहिले टोक म्हणून त्यांना जोडून घेणे शहाणपणाचे आहे. पाटी फोडणे, जाळणे, बॅटरी भोसकणे या गोष्टींना मात्र त्यात जागा नसावी.

अशा केंद्राला लागणारी सामग्री अल्प आहे: बॅटरीची टोके झाकण्यासाठी चिकटपट्टी, फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी कोरड्या वाळूची बादली, मोबाईलमधील माहिती मालकासमोर पुसून देणारा एक जाणकार मुलगा आणि नोंदवही. खरी अडचण हवामानाची आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या छपराखाली लिथियमच्या बॅटऱ्या साठवून ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. त्यामुळे संकलनाचा हंगाम दिवाळीपूर्वीच्या साफसफाईपासून सुरू करून होळीच्या आत माल गावाबाहेर पाठवण्याचे वेळापत्रक येथे योग्य ठरते. त्याला व्यवहाराची बाजूही आहे. उत्पादकांची उद्दिष्टे आर्थिक वर्षानुसार मोजली जात असल्याने मार्चअखेरीपूर्वी उद्योगांना माल हवा असण्याची शक्यता अधिक असते, आणि वाहतुकीचा खर्च कोणी द्यायचा ही घासाघीस नगरपरिषदेने करायची असेल तर ती जानेवारी-फेब्रुवारीतच करावी. मे महिन्यात, बॅटऱ्या तापत असताना, नगरपरिषदेच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही.